राजाची सासुरवाडी, रिकामा खजिना आणि अडलेलं नाटक

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. तिथल्या मराठी मित्रमंडळींसाठी त्या दीड तासाचं नाटक लिहीत आहेत. विषय तेराव्या शतकातला राजा तिसरा हेन्री आणि त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला लेस्टरचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, सायमन डी मॉन्टफर्ट. शहरातल्या विद्यापीठाला आणि सभागृहाला सायमनचं नाव आहे, घड्याळाच्या मनोऱ्यावर त्याचा पुतळा आहे, म्हणून हा विषय निवडला. कथानक असं: राजा उधळ्या, परदेशी नातलग त्याला लुटतात आणि शूर सरदार देशासाठी तलवार उपसतात. तालमीत ‘या परक्यांना समुद्रापार हाकला’ हे वाक्य आलं तेव्हा एका तरुण नटीने विचारलं, ‘हे आपण म्हणायचं? आपण इथले कधीपासून?’ घरी ताईंच्या हिशेबतपासनीस नवऱ्याने संहिता चाळून म्हटलं, ‘खर्च सगळा लिहिलायस, मिळकत कुठेय?’ नाटक बसवणाऱ्या ज्येष्ठ काकांचं म्हणणं, इतिहास आहे तो आहे, आणि खलनायक पातळ केला की नाटक पडतं. ताई विचारतात: वाक्य कापू, नाटक बदलू, की यातून अंग काढून घेऊ?

ताई, नमस्कार.

वाक्य कापू नका. १२६३ च्या उन्हाळ्यात सायमनच्या गटाने परदेशी लोकांना देशाबाहेर काढा ही मागणी खरोखरच लावून धरली होती, त्यामुळे ते खोटं नाही. फक्त ते चुकीच्या माणसाच्या तोंडी आहे. तुम्ही ते एका अस्सल इंग्रज सरदाराला दिलंय. ते सायमनला द्या. हा माणूस जन्मला फ्रान्समध्ये. १२३० च्या सुमाराला वडिलोपार्जित हक्क सांगत इंग्लंडला आला, राजाच्या मर्जीने त्याला लेस्टर मिळालं, आणि १२३८ मध्ये त्याने राजाच्या सख्ख्या बहिणीशी, एलेनॉरशी, लग्न केलं. परका, राजाचा नातलग आणि राजाच्या कृपेवर वर आलेला, या तिन्ही खुणा कोणावर जुळत असतील तर तुमच्या नायकावर. तेच वाक्य त्याने उच्चारलं की तुमच्या नटीचा प्रश्न प्रेक्षकांनाही पडेल. तो पडलेला बरा.

आता तुमच्या कथानकातल्या ‘परदेशी नातलग’ या टोळीकडे पाहू. ती एक टोळी नव्हती. १२३६ मध्ये हेन्रीने प्रोव्हान्सच्या एलेनॉरशी लग्न केलं (हो, बहीण आणि बायको दोघी एलेनॉर; नाटकात एकीला ‘राणीसाहेब’ म्हणा, नाहीतर प्रेक्षक हरवतील). तिच्यामागून आल्प्समधल्या सव्हॉयचे तिचे मामा आले. त्यांतला एक, बोनिफेस, कँटरबरीचा आर्चबिशप झाला. ही राजाची सासुरवाडी. मग १२४७ मध्ये आले राजाचे सावत्र भाऊ, लुझिन्यान घराण्यातले. राजाची आई इझाबेला हिने राजा जॉनच्या मृत्यूनंतर फ्रान्समध्ये दुसरं लग्न केलं होतं, त्या संसारातली ही मुलं. विल्यमला श्रीमंत वारसदारीण बायको करून दिली, एमरला विंचेस्टरचं बिशपपद. राणीचे मामा आणि राजाचे सावत्र भाऊ यांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं.

१२ एप्रिल १२५८ रोजी सात बड्या लोकांनी एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली. राजाविरुद्धच्या चळवळीची सुरुवात इथून धरतात. त्या सातांत सायमन होता, नॉर्फकचा अर्ल रॉजर बिगॉड होता, आणि राणीचा मामा, सव्हॉयचा पीटरही होता. तुमच्या संहितेत हा पीटर राजाच्या मेजवानीत कोंबडीची तंगडी चघळताना दिसतो. त्याला उठवून शपथ घेणाऱ्यांत बसवा.

त्या शपथेच्या आधी अकरा दिवस सरे परगण्यातल्या शिअर गावी एक मारामारी झाली होती. तिथल्या चर्चवर पाद्री नेमण्याचा हक्क कोणाचा, यावरून एमरच्या माणसांनी जॉन फिट्झजेफ्री या सरदाराच्या माणसांवर हल्ला केला आणि त्यात माणूस मेला. जॉन न्याय मागायला राजाकडे गेला, राजाने भावाला पाठीशी घातलं. सातांच्या शपथेत हा जॉनही आहे. ३० एप्रिलला सरदार चिलखत घालून वेस्टमिन्स्टरच्या दरबारात आले. तलवारी त्यांनी दाराशी ठेवल्या होत्या, तरी राजा दचकला आणि मी तुमचा कैदी आहे का, असं त्याने विचारलं. नाही, म्हणाला बिगॉड, पण तुमच्या भावांना घालवा आणि यापुढे आमच्या सल्ल्याने चाला. तुमचा पहिला अंक या दोन प्रसंगांवर उभा राहू शकतो. मेजवानीचे तिन्ही प्रवेश काढलेत तरी काही बिघडणार नाही.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाकडे येते. सगळ्या पत्रात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. राजा उधळ्या होता असं म्हणायचं तर आधी मिळकत सांगावी लागते.

१२४०-५० च्या दशकांत हेन्रीची वर्षाची नेहमीची आवक साधारण २५ हजार पौंडांच्या आसपास होती. पौंड नावाचं नाणं तेव्हा नव्हतंच. चालायची ती चांदीची पेनी, आणि २४० पेन्यांचा हिशेबात एक पौंड. या मिळकतीत राजाच्या स्वतःच्या जमिनी, परगण्यांची वसुली, न्यायालयांचे दंड, रिकाम्या बिशपपदांचं उत्पन्न, अल्पवयीन वारसांच्या जहागिरींचा ताबा असं सगळं आलं. त्याच्या बापाने, जॉनने, याच वाटांनी सरदारांना पिळलं होतं. वारसाहक्कासाठी हजारो पौंड, राजाची मर्जी परत मिळवायला आणखी हजारो. त्याचं उत्तर म्हणून १२१५ मध्ये मॅग्ना कार्टा ही राजावर बंधनं घालणारी सनद आली. हेन्री नऊ वर्षांचा असताना, १२१६ मध्ये, गादीवर बसला तो यादवीच्या मध्यावर, आणि त्याच्या पालकांनी ती सनद पुन्हा पुन्हा जाहीर केली. १२२५ ची आवृत्ती तर रोख व्यवहार होता: राजाने सनद दिली, देशाने जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर दिला, आणि सुमारे ४० हजार पौंड जमले.

१२३७ मध्ये तिसावा हिस्सा मिळाला, तो सुमारे साडेबावीस हजार पौंड. त्यानंतर सरदार-बिशपांच्या सभेने असा कर द्यायचंच थांबवलं. १२४२, १२४४, १२४८, राजा मागतोय आणि सभा नाही म्हणतेय. तीस वर्षांहून अधिक काळ हे चाललं. असा कर पुन्हा मंजूर झाला तो थेट कारकिर्दीच्या शेवटी, क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या, नावाने. सभा म्हणायची, पैसे देतो, पण तुमचे मुख्य अधिकारी आमच्या संमतीने नेमा. राजा म्हणायचा, तुमच्या घरचा कारभारी तुम्ही नेमता, मग माझा मीच का नाही? दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं, आणि नाटकाला याहून काय हवं?

म्हणजे राजा काटकसरी होता, असं नाही. वेस्टमिन्स्टर ॲबी पाडून नव्याने बांधायला त्याने १२४५ मध्ये घेतलं आणि मरेपर्यंत त्यावर ४० हजारांहून अधिक पौंड घातले. रोज शेकडो गरिबांना जेवू घालायचा. धर्म आणि वैभव यांत फरक न करणारा भाविक माणूस होता तो. पण ॲबीचा खर्च पंचवीसेक वर्षांत विभागलेला आहे. त्याने राजा बुडाला नाही. राजा बुडाला सिसिलीत.

हा प्रसंग तुमच्या संहितेत एका ओळीत उरकलाय, त्याला पूर्ण प्रवेश द्या. पोपला सिसिलीच्या गादीवर आपला माणूस हवा होता. हेन्रीने १२५४ मध्ये धाकट्या मुलासाठी, एडमंडसाठी, ती गादी स्वीकारली. मुलगा नऊ वर्षांचा. सिसिली दुसऱ्याच्या ताब्यात, ती जिंकायला सैन्य पाठवायचं हेन्रीने, आणि वर पोपचं आधीचं युद्धकर्जही फेडायचं: १ लाख ३५ हजार ५४१ मार्क. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, तेव्हा ही रक्कम झाली ९० हजार पौंडांच्या घरात, साडेतीन वर्षांची सगळी मिळकत. नाही फेडलं तर राजा बहिष्कृत आणि देशातली चर्च बंद. सरदारांना विचारलंच नव्हतं. १२५८ च्या एप्रिलमध्ये सभा भरली ती या कर्जासाठी पैसे मागायला. राजा तोवर भांडारही रिकामं करून बसला होता: क्रुसेडसाठी वर्षानुवर्षं साठवलेलं सोनं १२५३-५४ च्या फ्रान्समधल्या गॅस्कनी प्रांताच्या मोहिमेत गेलं. १२५७ मध्ये त्याने वीस पेन्यांचं सोन्याचं नाणं काढलं, तेही लंडनच्या व्यापाऱ्यांनी नको म्हटलं.

(तुमचा हत्ती मात्र राहू द्या. १२५५ मध्ये फ्रान्सच्या लुईने तो खरोखर भेट पाठवला होता. हत्ती फुकट आणि हत्तीखान्याचा खर्च लंडनच्या माथी. बालकलाकारांची सोयही होईल.)

आता ज्या गृहीतकावर सगळं नाटक उभं आहे ते. ‘राजाने सरदारांना लुटलं म्हणून सरदार उठले.’ ताई, हेन्रीने सरदारांना फारसं लुटलंच नाही. बापाचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. बड्यांची देणी तो हप्त्यांवर ढकलायचा, माफ करायचा, त्यांच्या जुलमाकडे कानाडोळा करायचा. मग पैसा आला कुठून? ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्याकडून.

पहिले ज्यू. इंग्लंडमध्ये त्यांची वस्ती काही हजारांची, कायद्याने ते राजाच्या थेट ताब्यात. १२४१ मध्ये त्यांच्यावर २० हजार मार्क लादले, पुढच्या काही वर्षांत आणखी ६० हजार. ते भरायला ज्यू सावकारांनी आपल्याकडची कर्जखतं मिळेल त्या भावाला विकली. विकत घेणारे कोण? दरबारातले धनाढ्य. त्यांना व्याजापेक्षा गहाण जमीन हवी होती. अशा रीतीने राजाने ज्यूंवर टाकलेला बोजा फिरत फिरत लहान जमीनदाराच्या शेतावर जप्ती होऊन पडला, आणि त्या जमीनदाराने राग काढला तो ज्यूंवर. १२५५ मध्ये राजाने देशातले सगळे ज्यू आपल्या भावाकडे, कॉर्नवॉलच्या रिचर्डकडे, ५ हजार मार्कांपोटी गहाण टाकले. माणसं गहाण.

दुसरे परगण्यातले साधे लोक. शेरीफ, म्हणजे राजाचा परगण्यातला अंमलदार, परगण्याची ठरलेली रक्कम मक्त्यासारखी सरकारात भरायचा. हेन्रीच्या हिशेब कचेरीने त्या रकमेवर जादा भर मागायला सुरुवात केली आणि ती वाढवत नेली. शेरीफ ती स्वतःच्या खिशातून थोडीच देणार? फिरत्या न्यायालयांचे दंडही वाढले. त्यातच १२५७-५८ मध्ये पीक बुडालं, माणसं अन्नासाठी गावोगाव भटकू लागली. १२५८ च्या सरदारांच्या अर्जातलं एक कलम मला विसरता येत नाही. भटका माणूस उपासमारीने रस्त्यात मरतो. चौकशीला आसपासची चार गावं येतात आणि सांगतात, आम्हाला एवढंच माहीत की हा भुकेने मेला. मेलेला इंग्रज होता असं त्याच्या नातलगांनी शाबीत करावं, असा जुना नियम. अनोळखी भुकेलेल्याचे नातलग कुठून आणायचे? शाबीत झालं नाही की तो खून धरला जातो आणि त्या भागातल्या लोकांवर खुनाचा दंड बसतो. राजाच्या मेजवानीपेक्षा हा प्रवेश लिहा. नवऱ्याला मिळकत हवी होती ना, ही मिळकत.

सरदारांच्या अर्जात हे कलम आलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. जूनमध्ये ऑक्सफर्डला शपथेवर ठरलं की पंधरा जणांचं मंडळ राजासोबत कारभार पाहील, वर्षातून तीनदा सभा भरेल, पैसा हिशेब कचेरीत जमा होईल. शेरीफ त्याच परगण्यातला आणि एका वर्षापुरता. ऑक्टोबरमध्ये जाहीरनामे फ्रेंचबरोबर इंग्रजीतही निघाले. पण परगण्यांत चौकशी सुरू झाली तेव्हा लोकांनी राजाच्या अंमलदारांइतक्याच सरदारांच्या कारभाऱ्यांविरुद्ध तक्रारी केल्या. लहान जमीनदार म्हणू लागले, सुधारणा तुमच्या जहागिरीतही हवी. १२५९ च्या वेस्टमिन्स्टरच्या कलमांत त्यातलं बरंच आलं, खुनाच्या त्या दंडावरची बंदीही, आणि एकजूट ढिली व्हायला लागली ती साधारण इथेच. कित्येक सरदारांना राजाच्या हिशेबात पारदर्शकता हवी होती, स्वतःच्या नव्हे.

सायमनबद्दल जपून लिहा, पण लिहा. त्याची ऑक्सफर्डच्या शपथेवरची निष्ठा खरी होती असं मी मानते. बाकीचे एकेक करून फिरले तेव्हा तो फिरला नाही. त्याचबरोबर त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतला हिस्सा, वर्षाला ४०० पौंड, तो फार कमी ठरवला गेला असा या जोडप्याचा दावा होता, आणि त्यासाठी त्यांनी १२५९ चा फ्रान्सशी होणारा तह अडवून धरला. देशहित आणि घरचं येणं एकाच माणसाच्या डोक्यात नांदू शकतं. याच सायमनने १२३१ मध्ये लेस्टरमधून ज्यूंना हाकललं होतं. १२६४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या पक्षाच्या लोकांनी लंडनमध्ये ज्यूंची कत्तल केली, त्यात पुढे होता जॉन फिट्झजॉन, म्हणजे शिअरला ज्याच्यावर अन्याय झाला त्या जॉनचा मुलगा. मे महिन्यात लुईस गावाजवळच्या लढाईत राजा सायमनच्या हाती कैद झाला. तुमचं नाटक या विजयावर संपतं. मधली कत्तल गाळून ते तिथे संपवणं मला पटत नाही.

‘संसदेचा जनक’ ही आरोळीही थोडी आवरा. १२६५ च्या जानेवारीत सायमनने परगण्यांतून जमीनदार आणि शहरांतून नागरिक बोलावले, शहरांचं बोलावणं लक्षणीयच. पण परगण्यांतून निवडलेले प्रतिनिधी त्याआधी १२५४ मध्ये बोलावले होते ते राजाच्याच सरकारने, राजा गॅस्कनीत असताना, अर्थातच कर मागायला. सायमन ४ ऑगस्ट १२६५ ला एव्हशमच्या लढाईत मारला गेला, त्याच्या देहाची विटंबना झाली. दोन वर्षांनी, १२६७ मध्ये, वेस्टमिन्स्टरची बरीचशी कलमं मार्लबरो इथे पुन्हा कायदा म्हणून मंजूर झाली, आणि ती मंजूर करणारा राजा होता हेन्री.

अशा विषयांवर नाटक, व्याख्यान किंवा मुलांचा शाळेचा प्रकल्प करणारे इतरही वाचक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. या कारकिर्दीतला राजाचा लोभीपणा आणि परक्यांची मुजोरी आपल्याकडे मुख्यतः येते ती सेंट ऑल्बन्सच्या मठातला बखरकार मॅथ्यू पॅरिस याच्याकडून. लिहितो फक्कड. पण राजा आणि पोप दोघेही मठांकडे पैसे मागत होते, आणि त्याचं पोट त्या मठावर होतं. त्याच्या बखरीशेजारी कारकुनांच्या नोंदी ठेवून वाचा. हेन्रीच्या फाइन रोल्स, म्हणजे राजाला कोणी कशासाठी किती पैसे कबूल केले याच्या गुंडाळ्या, इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवर मोफत आहेत. हिशेबतपासनीस नवरा हाताशी असेल तर एक रविवार त्याला तिथे बसवा. तक्रारी कमी होतील. आणि उधळपट्टीचा आकडा दिसला की त्याच्या शेजारी वार्षिक मिळकत आणि किती वर्षांत खर्च झाला ते लिहा. तेवढ्यानेच अर्धे खलनायक बारीक होतात.

राहिले काका. त्यांची भीती खोटी नाही, गुळमुळीत नाटक पडतंच. म्हणून त्यांच्यापुढे तात्त्विक चर्चा करू नका, आणि अंगही काढून घेऊ नका; तुम्ही गेलात तर तेच वाक्य तसंच म्हटलं जाईल. त्यांना तीन प्रवेश लिहून द्या: शिअरची मारामारी आणि चिलखतातला दरबार, सिसिलीचं कर्ज, आणि रस्त्यात मेलेल्या माणसाची चौकशी. एका तालमीत नुसते वाचून घ्या. तिसऱ्या प्रवेशात शेरीफची भूमिका काकांनाच करायला सांगा, दमदार आहे ती. त्यानंतरही त्यांना जुनाच मसुदा हवा असेल, तर लेखिका म्हणून तुमचं नाव त्यावर ठेवायचं की नाही हे तेव्हा ठरवा, आज नको. आणि सव्हॉयच्या पीटरसाठी नवा नट लागेल; सध्याच्याला कोंबडीची सवय झालीय.